पंखा चालू राहू द्या



मघाशी मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होतो, तेव्हा ध्वनिमुद्रण करणारा मुलगा धावत आला. म्हणाला, "सर, वरचा पंखा बंद करू का? त्याची घरघर माइकमध्ये येतेय." मी म्हटलं, "आत्ता राहू दे. व्याख्यान संपल्यावर तूच ठरव." तेव्हा पंखा चालू आहे. पुढच्या तीन रांगांनी माझे आभार मानायला हरकत नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा रॉक संगीताशी काही संबंध नव्हता. मी कार्यकर्त्यांना एका रॉक बँडचा विषय कळवला तेव्हा फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मी म्हटलं, "अहो, तो बँडवालासुद्धा मास्तर होता. चौथीचा." लगेच होकार आला. शिक्षकाला शिक्षकाच्या नावावर प्रवेश मिळाला!

तर आज गोष्ट सांगायची आहे ती त्या चौथीच्या मास्तरांची, रॉबर्ट पोलार्ड यांची, आणि त्यांच्या 'गायडेड बाय व्हॉइसेस' या बँडची. घरात कॅसेटवर गाणी भरणारी ही मंडळी मोठ्या स्टुडिओपर्यंत कशी पोचली, ही ती गोष्ट. मी ती तीन टप्प्यांत मांडणार आहे. पहिलं यंत्र, दुसरं घर, तिसरा स्टुडिओ. आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारणार आहे: गाण्यात सूर कुठला आणि गोंगाट कुठला, हे ठरवायचं कोणी?

आधी गाव बघू. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं डेटन. हे नाव तुम्ही ऐकलंय, फक्त विसरलाय. राइट बंधूंचं गाव. विमान उडालं ते दूर किटी हॉकच्या वाळूत, १९०३ साली. पण त्याचं गणित सुटलं डेटनच्या सायकल दुकानात. १९०१ मध्ये तिथे या भावांनी लाकडाची एक लांबट पेटी केली, तिच्यात वारा सोडला आणि पंखांचे छोटे छोटे नमुने तपासत बसले. कुठलं विद्यापीठ पाठीशी नाही, सरकारी अनुदान नाही. सायकली दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या वेळात आकाशाचा हिशेब मांडायचा.

त्याच गावात १९५७ साली पोलार्ड जन्मले. तरुणपणी बेसबॉलचे चांगले गोलंदाज, कॉलेजच्या संघातून खेळलेले. पुढे लग्न, मुलं, शाळेतली नोकरी. सुमारे चौदा वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं. आणि उरलेल्या वेळात काय केलं? गाणी. एक नाही, दहा नाही, शेकडो. भाऊ जिम, टोबिन स्प्राउट, मिच मिचेल आणि आणखी काही दोस्त अशी मंडळी जमायची. कोणाच्या तळघरात, कोणाच्या गॅरेजमध्ये. बिअर असायची, गिटारी असायच्या, आणि एक यंत्र असायचं.

आता त्या यंत्राकडे येतो. हा माझा पहिला मुद्दा.

तुमच्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झालेत, त्यांच्या घरी रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन होता. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचं, की रेकॉर्डिंग सुरू. आपण काय काय भरलं त्यात? बाळाचं पहिलं बोबडं बोलणं, आजीची ओवी, मामाची नक्कल. आणि नंतर ऐकायला बसलो की मागे कुकरची शिट्टी! आज आजी नाही; पण ती शिट्टी आली की अख्खं स्वयंपाकघर उभं राहतं. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात. दोन या बाजूचे, दोन त्या बाजूचे. म्हणून तर आपण कॅसेट उलटी करून घालायचो. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचं यंत्र आणलं. त्याने एवढंच केलं की चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने पळवली. म्हणजे काय झालं? एका पट्ट्यावर ड्रम भरा, मग ते ऐकत ऐकत दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बेस, चौथ्यावर गळा. चार माणसांचा वाद्यमेळ एका माणसाला, एका खोलीत, रात्री मुलं झोपल्यावर उभा करता येऊ लागला.

पण चारच पट्टे! पाचवी गोष्ट हवी असेल तर? तर पहिले तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा मोकळे करायचे. याला ही मंडळी 'बाउन्स' म्हणतात. यात गोम आहे. एकदा उतरवलं की संपलं. मग ड्रम जरा वाढवू, गिटार जरा कमी करू, असं म्हणायची सोय नाही. लोणचं मुरल्यावर मीठ काढून घेता येतं का? आणि प्रत्येक वेळी उतरवताना फितीची ती 'सुं' वाढत जाते. तेव्हा निर्णय आत्ता घ्यायचा, अपुऱ्या माहितीवर घ्यायचा आणि घेतला की निभवायचा.

यंत्राची मर्यादा कलेला आकार देते, हे आपल्याला नवीन आहे का? अजिबात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे तबकडीचं युग आलं, तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत सांगायचा! मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आठवा. तिथे मर्यादेने गाणं खुजं झालं नाही, कारण काय सोडायचं हे गाणाऱ्याला कळत होतं. यंत्र प्रश्न विचारतं. उत्तर माणसालाच द्यावं लागतं.

आता दुसरा मुद्दा, घर.

तुम्ही म्हणाल, गोष्ट सरळ आहे. आधी पैसे नव्हते म्हणून घरी भरलं, मग पैसे आले तेव्हा स्टुडिओत गेले. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण या बँडची पहिली तबकडी, १९८६ची 'फॉरएव्हर सिन्स ब्रेकफास्ट', सात गाण्यांची, कुठे भरली होती? रीतसर स्टुडिओत! आजही ऐका. स्वच्छ आहे, सुरात आहे, कुठे काही चुकलेलं नाही. आणि ऐकताना सारखी त्या काळी गाजत असलेल्या 'आर.ई.एम.' या दुसऱ्याच बँडची आठवण येत राहते. परीटघडीचे कपडे घालून फोटो काढायला गेल्यासारखं झालं होतं. कपडे छान, पण अंगात माणूस कुठला?

म्हणजे ही मंडळी स्टुडिओतून घरी परतली. नीट ऐका, परतली. पुढच्या वर्षापासून घरचं, गॅरेजमधलं रेकॉर्डिंग सुरू झालं. काही शे प्रती काढायच्या, कर्ज काढून काढायच्या, आणि वाटायच्या. गावाला पत्ता नाही. घरच्यांना हा पैशांचा चुराडा वाटायचा, आणि त्यांचं काय चुकलं? मास्तरांचा पगार तो केवढा!

१९९२ मध्ये पोलार्ड यांनी ठरवलं, आता शेवटचा अल्बम आणि मग बास. नाव 'प्रोपेलर'. पाचशे प्रती छापल्या. वेष्टनाचे पैसे नव्हते, म्हणून दोस्तांनी प्रत्येक प्रतीचं वेष्टन हाताने रंगवलं, चिकटवलं. पाचशे प्रती, पाचशे वेगळी चित्रं. आज त्या प्रतींसाठी संग्राहक मोठमोठ्या रकमा मोजतात, हा काळाचा विनोद.

पण मला सांगायचंय ते त्या अल्बमच्या सुरुवातीबद्दल. तो सुरू होतो गर्दीच्या घोषणेने. प्रचंड जमाव बँडच्या आद्याक्षरांचा गजर करतोय: "जी! बी! व्ही!" कुठला जमाव? कसली गर्दी? यांना तर गावात कुत्रं विचारत नव्हतं! तो गजर या मंडळींनी स्वतःच केला, स्वतःच टेपवर भरला आणि स्वतःच्या शेवटच्या अल्बमच्या तोंडी बसवला.

याला खोटेपणा म्हणाल? मी नाही म्हणणार. एकही श्रोता नसताना श्रोत्यांची जागा राखून ठेवणं म्हणतो मी त्याला. पंगतीत एक रिकामं पान वाढून ठेवतात ना, तसं.

आणि पाहुणा आला हो! ती तबकडी हातोहात फिरत क्लीव्हलँडच्या 'स्कॅट रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीच्या रॉबर्ट ग्रिफिन यांच्याकडे पोचली. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' या नामांकित क्लबमध्ये बँड उभा राहिला. १९९४ मध्ये आला 'बी थाउजंड'. वीस गाणी, छत्तीस मिनिटं. बरीचशी फोर-ट्रॅकवर, म्हणजे चार पट्ट्यांच्या यंत्रावर, भरलेली, काही तर वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या तुकड्यांतून जोडलेली. त्याच वर्षी छत्तीस वर्षांच्या मास्तरांनी शाळा सोडली. ज्या वयात रॉकवाले जुन्या आठवणींवर जगायला लागतात, त्या वयात यांचं पदार्पण.

या अल्बमचं पहिलंच गाणं लावा, 'हार्डकोर यूएफओज'. गाणं रंगात आलंय आणि मध्येच गिटार गायब होते. टेपने दगा दिला. क्षणभर मजला खचल्यासारखं वाटतं, मग गिटार परत येते. कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? पुन्हा भरलं असतं. यांनी ते तसंच ठेवलं, आणि तेही पहिल्या गाण्यात, दारातच! पुढच्या वर्षीच्या 'एलियन लेन्स'मध्ये एका गाण्यावर कोणीतरी चक्क घोरतंय. गाणं चाललंय, घोरणं चाललंय. ते घोरणं काढलं तर गाणं कदाचित सुधारेल. पण घर निघून जाईल. कुकरची शिट्टी आठवतेय ना?

मात्र इथे एक पथ्य पाळू या. मी गरिबीच्या कौतुकासाठी उभा नाही. घरी भरलं म्हणजे खरं आणि स्टुडिओत भरलं म्हणजे नकली, असं कोणी म्हणू लागला की मी दचकतो. आता तर ती फितीची 'सुं' विकतही मिळते. संगणकावर स्वच्छ भरायचं आणि वरून जुन्या टेपचा आवाज भुरभुरायचा! घरात घडलेली चूक आणि दुकानातून आणलेली चूक यांत फरक आहे. शिवाय घरी भरलेलं बहुतेक काम विसरण्याजोगंच असतं. पोलार्ड यांनी हे लपवलेलं नाही. २००० साली त्यांनी न वापरलेल्या शंभर गाण्यांची एक पेटी काढली, 'सूटकेस' नावाची, आणि प्रत्येक गाणं एकेका काल्पनिक बँडच्या नावावर घातलं. शंभर गाणी, शंभर खोटे बँड! त्या सूटकेसमध्ये डोकावलं की कळतं, 'बी थाउजंड'च्या वीस गाण्यांमागे केवढा ढीग बाजूला सारलेला आहे. आणि तो ढीग एकट्याने उपसलेला नाही. अल्बममधला गाण्यांचा क्रम पुन्हा पुन्हा बदलत गेला, ग्रिफिन यांच्याशी देवघेव होत गेली. घराच्या दाराशी पहिला परका कान येऊन बसला होता.

आणि आता तिसरा मुद्दा, स्टुडिओ.

'एलियन लेन्स' काढला 'मॅटाडोर' या न्यूयॉर्कच्या कंपनीने. अठ्ठावीस गाणी, एक्केचाळीस मिनिटं. पोलार्ड सांगतात की तो भरायला, बिअर सोडली तर, दहाएक डॉलर खर्च आला. कंपनीने दिलेली आगाऊ रक्कम मात्र लाखाच्या घरातली, डॉलरमध्ये, असं सांगितलं जातं. दहा डॉलरच्या मालाला एवढी रक्कम! अशा वेळी माणसाला दोन प्रकारे झोप लागत नाही. एक आनंदाने. दुसरी या भीतीने, की आता लोक विचारतील, अजून घरीच का भरता?

मग स्टुडिओ आला. तिथे चोवीस पट्टे. नुसत्या ड्रमला सहा-आठ माइक. चार पट्ट्यांवर जो निर्णय रात्री अकराला घ्यावा लागायचा, तो चोवीस पट्ट्यांवर पुढच्या महिन्यावर ढकलता येतो. "मिक्सिंगला बघू" हे स्टुडिओतलं सगळ्यात लोकप्रिय वाक्य. आपल्या सरकारी कचेऱ्यांत त्याला "फाइल वर पाठवली आहे" असं म्हणतात. सोय वाढते, तशी टाळाटाळही.

पण स्टुडिओ तुम्हाला खरं देतो ते काय? जास्त पट्टे? उत्तम माइक? ते तर आहेच. स्टुडिओ देतो काचेपलीकडचा माणूस. ज्याने तुमची बिअर प्यायलेली नाही, ज्याला तुमचे विनोद माहीत नाहीत, जो फक्त ऐकतो. आणि मग प्रश्न येतो, त्या माणसाचं किती ऐकायचं?

१९९६च्या 'अंडर द बुशेस अंडर द स्टार्स' या अल्बममध्ये बँड पहिल्यांदा गंभीरपणे चोवीस ट्रॅककडे वळला. कामाचा काही भाग किम डील यांच्या देखरेखीखाली झाला. 'पिक्सीज' आणि 'ब्रीडर्स' या बँडमधल्या या बाई डेटनच्याच. काही काम स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे झालं. अल्बिनी हे विलक्षण गृहस्थ होते. 'निर्वाना'चा 'इन यूटेरो' त्यांनी भरला. पण स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायला त्यांचा विरोध आणि विक्रीतला टक्का घ्यायला नकार. त्यांचं म्हणणं एवढंच, की बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर उतरवणं हे माझं काम, त्याला सुधारणं नव्हे. नळ दुरुस्त करणारा कामाची मजुरी घेतो, पुढे वाहणाऱ्या पाण्यावर हक्क सांगत नाही. तसे हे.

आणि तीनच वर्षांनी याच्या अगदी उलट टोक. १९९९चा 'डू द कोलॅप्स'. निर्माता रिक ओकासेक, 'द कार्स' या गाजलेल्या बँडचे प्रमुख, 'वीझर'चा पहिला अल्बम घडवणारे. ते लखलखीत, नेमक्या, रेडिओवर शोभेल अशा आवाजाचे कारागीर. बँडच्या जुन्या चाहत्यांत दोन तट पडले. अनेकांना तो अल्बम अनोळखी वाटला. आमच्या मास्तरांचा कोट कोणी इस्त्री केला, असं झालं त्यांना.

मग चूक कोणाची? ओकासेक यांची? मला नाही तसं वाटत. ते त्यांचं काम चोख करत होते. बँडची? तीही नाही. माझं मत असं, की १९८६ मध्ये जे झालं तेच इथे पुन्हा झालं, पण एका फरकाने. १९८६ मध्ये बँडला स्वतःचा आवाज नव्हता, म्हणून स्टुडिओने दुसऱ्याचा दिला. १९९९ मध्ये त्यांच्याकडे स्वतःचा आवाज होता आणि त्यांनी तो मुद्दाम दुसऱ्याच्या हाती देऊन पाहिला. पहिलं अज्ञान होतं, दुसरा प्रयोग होता. प्रयोग फसण्याचाही उपयोग असतो. राइट बंधूंच्या पेटीतले बहुतेक पंख उडण्याच्या लायकीचे नव्हते, म्हणूनच तर उडणारा सापडला.

आणि तो सापडला. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, 'आयसोलेशन ड्रिल्स' आला. निर्माते रॉब श्नाप्फ. हाही मोठ्या स्टुडिओतला अल्बम, पण यात गिटारी पुन्हा अंगाला घासतात आणि गळा खोलीतल्या माणसाचा वाटतो. स्टुडिओ तसाच होता. बदललं होतं ते एवढंच, की काचेअलीकडच्यांना आता सांगता येत होतं, हे ठेवा आणि हे काढा.

त्यानंतरचा प्रवास भराभर सांगतो. २००२ पासून स्वतःची निर्मिती स्वतःच. २००४च्या शेवटच्या रात्री शिकागोत निरोपाची मैफल. २०१० मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र. आणि २०१२ मध्ये 'लेट्स गो ईट द फॅक्टरी' कुठे भरला? सदस्यांच्या घरांत, गॅरेजांत! पुढे पुन्हा फाटाफूट, पुन्हा जुळवाजुळव. २०१७चा 'ऑगस्ट बाय केक' हा पोलार्ड यांच्या नावावरचा शंभरावा अल्बम म्हणून मोजला गेला. २०२० मध्ये महामारीत 'स्टाइल्स वी पेड फॉर' करताना प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी, वेगवेगळ्या राज्यांत राहून आपला भाग भरला. घरातून निघालेला बँड पुन्हा घरात. फक्त आता घरं पाच होती.

तेव्हा घर ही पहिली पायरी आणि स्टुडिओ ही शेवटची, हा जिना मोडून टाका. या बँडच्या हाती दोन खोल्यांच्या किल्ल्या आहेत. गाणं बघून ते ठरवतात, आज कुठली खोली उघडायची.

थोडक्यात सांगतो, कारण अध्यक्षांनी घड्याळ टेबलावर काढून ठेवलंय. यंत्राच्या मर्यादेने या मंडळींना निर्णय घ्यायला शिकवलं. घराने त्यांना स्वतःचा आवाज दिला, आणि स्वतःच्या चुकांवरची मालकीही. स्टुडिओने त्यांना परका कान दिला. त्याचं आधी त्यांनी मुकाट ऐकलं, मग त्याच्या पूर्ण स्वाधीन झाले, आणि शेवटी त्याच्याशी बोलायला शिकले. सूर कुठला आणि गोंगाट कुठला, हे ठरवण्याचा अधिकार हळूहळू त्यांच्या हाती आला. बँड मोठा झाला म्हणजे एवढंच झालं.

आणि तो गजर? पुढे 'गायडेड बाय व्हॉइसेस'ची मैफल सुरू व्हायच्या आधी, दिवे मंदावले की सभागृहातून आवाज उठू लागला: "जी! बी! व्ही!" आता तो खऱ्या माणसांचा होता. त्यांच्यापैकी कित्येक जण १९९२ मध्ये जन्मलेलेही नव्हते. तळघरात चार दोस्तांनी वाढून ठेवलेल्या त्या पानावर लोक येऊन बसलेत.

आता शेवटचं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माझ्या तरुण मित्रा, हे व्याख्यान तुझ्या टेपवर आहे. पंख्याची घरघर त्यात आहे, मघाचं मागच्या बाकावरचं खोकणं आहे, अध्यक्षांच्या घड्याळाची टिकटिक असेल तर तीही आहे. उद्या तू संगणकावर बसशील, तेव्हा एका कळीवर हे सगळं पुसता येईल. पूस किंवा ठेव, मी विचारायला येणार नाही. फक्त पुसण्याआधी एकदा कान लावून ऐक आणि काय पुसतोयस ते ठरवून पूस.

पंखा आता बंद केलास तरी चालेल.